कलादालन आणि मराठी समीक्षा : एका उसनवारीचा हिशेब

मुंबईच्या मराठीत ‘गॅलरी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ चाळीत राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो : खोल्यांपुढून जाणारा, कठडा असलेला, कपडे वाळत घालण्याचा, उन्हाळ्याच्या रात्री अंथरूण टाकण्याचा आणि खालच्या रस्त्यावरची मिरवणूक पाहण्याचा लांबट सज्जा. दुसरा अर्थ पुष्कळ नंतरचा. चित्रे व शिल्पे मांडून ठेवण्याची जागा, या अर्थाने हा शब्द स्वातंत्र्यानंतरच्या दशकात ‘जहांगीर आर्ट गॅलरी’मुळे मराठी बोलण्यात रूढ झाला. या दुसऱ्या अर्थासाठी मराठीने ‘कलादालन’ असा शब्द घडवला. शब्द चांगला आहे. त्यात ‘दालना’चा ऐसपैसपणा आहे. तथापि तो निमंत्रणपत्रिकेत आणि वृत्तपत्रात राहिला, जिभेवर रुळला नाही. हा केवळ शब्दाचा योगायोग नाही. पहिल्या गॅलरीत उभा राहून मराठी माणूस खालच्या जगाविषयी मोठ्याने बोलतो. दुसऱ्या गॅलरीत शिरताच त्याचा आवाज खाली येतो आणि बहुतेक वेळा भाषाही बदलते. ही भाषा का बदलते, आणि तिच्या बदलण्याने नेमके कोणाचे काय हरवते, हा प्रश्न चित्रकलेच्या इतिहासाचा जितका आहे तितकाच भारतीय भाषांतील साहित्यविचाराचाही आहे.

काळा घोडा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आणि आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांच्या आवाराला लागून जहांगीर कलादालन उभे आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, कृष्ण हेब्बार आणि होमी भाभा यांच्यासारख्यांच्या आग्रहामुळे ते १९५२ साली अस्तित्वात आले. एक चित्रकार, एक शास्त्रज्ञ आणि एक धनिक अशा तिघांचे त्यामागे असणे, हे त्या काळाच्या मुंबईचे यथार्थ लक्षण म्हणावे लागेल. तोवर चित्रप्रदर्शनांसाठी शहरात अशी कायमची, प्रशस्त आणि सर्वांस खुली जागा नव्हती. १८८८ साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी आपली वार्षिक प्रदर्शने भरवीत असे, सर ज. जी. कलाशाळेची परंपरा तर १८५७ पर्यंत मागे जाते. म्हणजे चित्रकार घडवण्याची व्यवस्था शंभर वर्षांची होती, चित्र पाहण्याची व्यवस्था मात्र जवळजवळ नव्हतीच. ती उणीव या वास्तूने भरून काढली. पुढे १९६३ मध्ये तिच्याच पहिल्या मजल्यावर केकू व खोर्शेद गांधी यांनी ‘गॅलरी केमोल्ड’ सुरू केली. त्याच वर्षी फोर्ट विभागात ‘पंडोल’ कलादालन निघाले. १९६४ मध्ये तळमजल्यावर ‘समोवार’ हे उपाहारगृह सुरू झाले आणि २०१५ मध्ये बंद होईपर्यंत चित्रकार, कवी, नट आणि बेकार अशा सर्वांना त्याने चहाच्या एका पेल्यावर तासन् तास बसू दिले. १९९६ मध्ये समोरच्याच चौकात, १९११ साली बांधलेल्या कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा उघडली. अर्ध्या शतकात हा सारा परिसर भारतीय आधुनिक चित्रकलेचे एक प्रमुख पीठ बनला.

या पीठाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. जहांगीर हे संग्रहालय नव्हे आणि रूढ अर्थाने दुकानही नव्हे. तेथील भिंती चित्रकाराला ठराविक दिवसांसाठी भाड्याने मिळतात; त्यासाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. प्रदर्शन बहुधा आठवड्याभराचे असते. प्रवेशाला शुल्क नाही, दाराशी अडवणारे कोणी नाही. बाहेरच्या पदपथावर ज्यांना आतली भिंत मिळाली नाही, किंवा परवडली नाही, असे चित्रकार आपली चित्रे मांडून बसलेले असतात. वस्तुसंग्रहालय पाहायला आलेले बाहेरगावचे कुटुंब उन्हातून सुटका म्हणून आत शिरते आणि अनपेक्षितपणे एका मोठ्या लाल चौकोनापुढे उभे राहते. भारतातील फार थोड्या कलासंस्थांना असा सरमिसळ प्रेक्षक लाभला असेल. म्हणूनच या ठिकाणी चित्र आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कोणती भाषा उभी असते, हा प्रश्न इथे अधिक निकडीचा होतो.

ती भाषा बहुतांशी इंग्रजी आहे. दारावरच्या पाटीवर मराठी असते. परंतु चित्राचे शीर्षक, सूचिपत्रातील निवेदन, चित्रकाराचा परिचय, उद्घाटनाचे भाषण आणि नंतरची चर्चा या सर्व गोष्टी सामान्यतः इंग्रजीत होतात. यावर केवळ भाषाभिमानाने संतप्त होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. कारण या इंग्रजीला इतिहासाचा आधार आहे. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे सहा संस्थापक पाहिले तरी हे स्पष्ट होते. सूझा गोव्याचे, रझा मध्य प्रदेशातील अरण्यप्रदेशातून आलेले, हुसेन पंढरपूरला जन्मलेले, आरा सिकंदराबादकडचे. गाडे व बाकरे हे दोघे मराठी. यांना एकमेकांशी कलेविषयी वाद घालायचा तर इंग्रजी, हिंदुस्थानी आणि मुंबईची मिश्र बोली यांखेरीज दुसरे साधन नव्हते. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले वॉल्टर लँगहॅमर, रूडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे मध्य युरोपातून आलेले गृहस्थ. त्यांनाही इंग्रजी ही स्वीकारलेली भाषा होती. म्हणजे मुंबईच्या आधुनिक चित्रकलेत इंग्रजी आली ती सत्ताधाऱ्यांची भाषा म्हणून जितकी, तितकीच निर्वासितांची आणि स्थलांतरितांची सोय म्हणून. कोणाच्याही आईची नसलेली ही भाषा सर्वांना सारखीच परकी होती, आणि त्या परकेपणातच एक समता होती. ही गोष्ट नाकारून कलादालनाच्या भाषेविषयी बोलता येणार नाही.

परंतु सोय म्हणून आलेली भाषा जेव्हा एकमेव भाषा होते, तेव्हा तिचे स्वरूप पालटते. मग ती पूल राहत नाही, फाटक होते. या पालटाचा पहिला परिणाम चित्रकारावरच होतो. ज्याचे पाहणे, स्पर्श, रंगांची नावे, वस्तूंच्या आठवणी मराठीत घडल्या आहेत, त्याला आपल्या कामाविषयी चार ओळी लिहिण्याची वेळ येताच तो दुसऱ्या भाषेतील तयार वाक्यांचा आसरा घेतो. ‘अंतर्मनाचा प्रवास’, ‘अवकाशाचा शोध’, ‘अस्तित्वाचे प्रश्न’ यांचे इंग्रजी मूळ असलेले शब्दसमूह एका सूचिपत्रातून दुसऱ्यात फिरत राहतात आणि कोणत्याही चित्राला सारखेच लागू पडतात. चित्र वेगळे असते, निवेदन तेच असते.

याला सर्वांत महत्त्वाचा अपवाद प्रभाकर बरवे यांचा. १९३६ मध्ये जन्मलेले आणि १९९५ मध्ये निधन पावलेले बरवे हे ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी, पुढे त्यांनी दीर्घकाळ, प्रथम वाराणसीत आणि मग मुंबईत, विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. किल्ली, पान, घड्याळ, लिफाफा, सफरचंद असल्या क्षुल्लक वस्तूंना त्यांनी कॅनव्हासवरच्या मोकळ्या जागेत अशा रीतीने सोडले की, त्या वस्तू परस्परांविषयी काही तरी जाणतात असा भास व्हावा. १९९० मध्ये त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध झाले. चित्र सुरू होण्यापूर्वीच्या रिकामपणापासून ते आकार, अवकाश आणि वस्तू यांच्या नात्यापर्यंतचा विचार त्यात आहे. त्याचे गद्य शांत, अलंकारहीन आणि नेमके आहे. त्यात कोठेही भाषांतराचा वास येत नाही, कारण तो विचार मुळात मराठीतच झालेला आहे. या पुस्तकाचा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये निघाला, म्हणजे मूळ ग्रंथानंतर तेवीस वर्षांनी. २०१९ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेत बरव्यांच्या कामाचे मोठे समग्रदर्शन भरले. त्यांच्या नोंदवह्यांनाही त्या मांडणीत स्थान होते. प्रदर्शनाचे नाव मात्र ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ असे होते. नाव समर्पक होते, यात शंका नाही. तरीही ज्याने कोऱ्या जागेविषयी मराठीत एवढे लिहिले त्याच्याकडे त्याच्याच शहरात इंग्रजी दारातून जावे लागावे, यातील विसंगती नोंदवण्यासारखी आहे.

येथपर्यंत दोष कलादालनाचा वाटतो. परंतु हिशेब येथे थांबवला तर तो एकतर्फी होईल. अधिक मोठी जबाबदारी मराठी साहित्यविचाराची आहे, आणि ती कोणी फारशी मांडलेली नाही.

विसाव्या शतकात मराठीने सौंदर्यशास्त्राचा जितका चिवट व्यासंग केला तितका फार थोड्या भारतीय भाषांनी केला असेल. बा. सी. मर्ढेकरांचा ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा ग्रंथ १९५५ मध्ये आला. त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले तेव्हा लेखक हयात नव्हता. रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ १९७४ मध्ये, प्रभाकर पाध्ये यांचा ‘सौंदर्यानुभव’ १९७९ मध्ये. हे दोन्ही ग्रंथही अकादमीने गौरवले. कांटपासून क्रोचेपर्यंतच्या विचारांची छाननी या ग्रंथांनी मराठीत केली. महाविद्यालयांतील मराठीच्या वर्गांत लयतत्त्वावर वाद झाले, परीक्षांत प्रश्न आले. मुंबई विद्यापीठाची जुनी इमारत आणि जहांगीर कलादालन यांच्यातील अंतर चालत काही मिनिटांचे आहे. एका बाजूला सौंदर्याचा सिद्धांत मराठीत मांडला जात होता, दुसऱ्या बाजूला सौंदर्याच्या नव्या वस्तू भिंतीवर लागत होत्या; आणि ही काही मिनिटांची वाट फार थोड्यांनी ओलांडली. सिद्धांताला उदाहरण हवे असे तेव्हा तो युरोपातील चित्राकडे, कवितेकडे किंवा संगीताकडे वळे. गायतोंडे, पळशीकर, आरा यांची नावे त्या चर्चेच्या कडेलाही क्वचितच आढळतात.

या दुराव्यातील विपरीतता अशी की, मराठी साहित्यसमीक्षेचा जवळजवळ सारा शब्दसंग्रह दृश्यकलेकडून आणि हस्तव्यवसायांकडून उसना आणलेला आहे. कथेला ‘घाट’ असतो. हा घाट कुंभाराच्या मडक्याचा आणि सोनाराच्या दागिन्याचा. भाषेला ‘पोत’ असतो. हा पोत कापडाचा. कथानकाची ‘वीण’ असते, कादंबरीचा ‘पट’ असतो, निवेदनाची ‘बांधणी’ असते. पात्राला तर मराठीने ‘व्यक्तिरेखा’ म्हटले आणि ती ‘रेखाटली’ किंवा ‘रंगवली’ जाते. ग्रामीण जीवनाचे ‘चित्रण’ होते, प्रसंगाला ‘उठाव’ येतो, अर्थाच्या ‘छटा’ दिसतात, ‘पार्श्वभूमी’ तयार होते. चित्रकार, विणकर आणि कुंभार यांच्याकडून घेतलेले हे शब्द काढून टाकले तर मराठी समीक्षकाला एक परिच्छेद लिहिणेही कठीण जाईल. घेतलेले शब्द त्याने मोलाने वापरले, त्यांना सूक्ष्मता दिली, हे खरे. परंतु ते ज्यांच्याकडून आणले त्यांच्याकडे परत नेले नाहीत. ज्या समीक्षकाने कवितेच्या पोताविषयी वीस पाने लिहिली, तो ज्याचा पोत खरोखर बोटांनी चाचपता येतो अशा कॅनव्हासपुढे ‘हे आपल्याला कळत नाही’ असे म्हणून हात जोडतो. उसनवारी मान्य केली तर परतफेडीचा प्रश्न उपस्थित होतोच.

परतफेड झाली असती तर काय लाभले असते, याचे एक उदाहरण पाहता येईल. वासुदेव गायतोंडे १९४८ मध्ये ज. जी. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले. रूळ आणि सुरी यांच्या साहाय्याने रंगाचे थरावर थर देऊन, काही ठिकाणी ते पुन्हा काढून, त्यांनी जी चित्रे केली त्यांत ओळखू येईल अशी वस्तू नसते. इंग्रजीत अशा चित्रांना सरसकट ‘अॅबस्ट्रॅक्ट’ म्हटले जाते. गायतोंड्यांना हा शब्द मान्य नव्हता. आपले काम ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ आहे असे ते म्हणत. मराठीने मात्र त्यांना नको असलेल्या शब्दाचाच तर्जुमा उचलला आणि ‘अमूर्त’ हा शब्द रूढ केला. त्याने गोंधळ वाढला. ‘अमूर्त’ म्हणजे ज्याला मूर्ती, आकार नाही ते. मराठी मनाला या शब्दात निर्गुणाची, परब्रह्माची छाया दिसते. परिणामी प्रेक्षक एक तर चित्रापुढे भाविक होतो किंवा फसवले गेल्याच्या भावनेने निघून जातो. वस्तुतः त्या कॅनव्हासवर आकाराखेरीज आणि रंगद्रव्याखेरीज दुसरे काहीच नाही. ते पुरेपूर मूर्त आहे. त्यात नाही ती केवळ ओळखीची वस्तू.

आता मर्ढेकरांचा सिद्धांत काय सांगतो ते आठवावे. कलाकृती म्हणजे संवेदनांची संघटना. ती संवाद, विरोध आणि समतोल या लयींनी बांधली जाते, असे ते म्हणतात. साहित्याला हा सिद्धांत लावताना त्यांना ‘भावनानिष्ठ समतानता’ ही वळणाची वाट काढावी लागली, कारण शब्दाला अर्थ चिकटलेला असतो. गायतोंड्यांच्या कॅनव्हासला तो लावताना अशा वळणाची गरजच पडत नाही. पिवळ्याच्या एका थराचा दुसऱ्याशी संवाद, मध्येच उमटलेल्या गडद पट्टीचा विरोध, आणि संपूर्ण पृष्ठभागावर सांभाळलेला समतोल, हे तेथे डोळ्यांना थेट दिसते. मर्ढेकरांच्या सिद्धांतावर साहित्याच्या बाजूने जे आक्षेप घेतले गेले त्यांतील पुष्कळांची धार या भिंतीपुढे बोथट झाली असती. आणि काही आक्षेप, विशेषतः संवेदना इतकी शुद्ध असते काय हा, अधिक तीक्ष्णही झाले असते. म्हणजे सिद्धांताला त्याची कसोटी काही मिनिटांच्या अंतरावर मिळत होती, आणि चित्राला त्याची भाषा तितक्याच अंतरावर. दोघांची भेट झाली नाही. सिद्धांत पुस्तकात राहिला आणि चित्र इंग्रजी सूचिपत्रात. गायतोंडे यांचे मोठे समग्रदर्शन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात सुरू झाले. सतीश नाईक यांनी संपादित केलेला ‘गायतोंडे’ हा मराठी ग्रंथ त्यानंतर, २०१६ मध्ये आला.

‘चित्राला भाषा नसते, ते पाहायचे असते,’ असा एक आक्षेप यावर घेतला जाईल. त्यात अर्धे सत्य आहे. चित्र शब्दांनी बनत नाही, आणि शब्दांनी त्याची जागाही घेता येत नाही. परंतु पाहणे हे शिकावे लागते, आणि शिकणे भाषेवाचून होत नाही. ज्याच्या भाषेत गव्हाळ, सावळा, निमगोरा यांत भेद आहे, राखी आणि करडा यांत भेद आहे, त्याच्या डोळ्याला तो भेद शोधण्याची सवय असते. संगीताच्या बाबतीत हे मराठी माणसाने कधीच मान्य केले आहे. मींड, खटका, ‘जागा’, ‘तब्येतीने गाणे’ या शब्दांनी घडलेला मराठी श्रोता स्वर ऐकण्यापूर्वीच कसा ऐकावा हे जाणतो. आणि मैफलीतून घरी परतताना वाटेत जो वाद होतो, त्याने त्याचा कान अधिक तयार होतो. चित्रप्रदर्शनाहून परतताना असा वाद होत नाही. याचे कारण मराठी माणसाला डोळा नाही हे नव्हे. त्या वादाचे शब्द त्याच्या हाती कोणी दिले नाहीत, हे खरे कारण आहे.

दुसरा आक्षेप असा की, मुंबई सर्वांची आहे. तिच्या कलादालनात मराठीचाच आग्रह कशासाठी? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आग्रहाने देण्याचे कारण नाही. प्रश्न मराठीच्या हक्काचा नसून भाषांच्या अनुपस्थितीचा आहे. काळा घोड्याच्या परिसरात गुजराती, उर्दू, कोंकणी, तमिळ, मल्याळम यांपैकी कोणत्याही भाषेत घडलेला चित्रकार आपल्या भाषेसह आत येऊ शकत नाही. त्याला ती बाहेर, पदपथावर ठेवावी लागते. मराठीचे उदाहरण घेण्याचे कारण एवढेच की, या शहरातील कलाशाळेच्या विद्यार्थ्यांत आणि प्रेक्षकांत तिचे भाषक मोठ्या संख्येने आहेत आणि सौंदर्यविचाराची तिची सिद्धता सर्वांत अधिक होती. म्हणून येथील अनुपस्थिती अधिक उठून दिसते.

इतर भारतीय भाषांकडे पाहिले तर हे अटळ नव्हते हेही कळते. अवनींद्रनाथ ठाकूरांनी १९२१ ते १९२९ या काळात कलकत्ता विद्यापीठात कलेवर जी व्याख्याने दिली ती बंगालीत होती. ‘बागेश्वरी शिल्पप्रबंधावली’ या नावाने ती १९४१ मध्ये ग्रंथरूप झाली आणि बंगाली गद्याच्या इतिहासातही तिला स्थान मिळाले. दृष्टी गेल्यानंतर विनोदबिहारी मुखोपाध्याय यांनी ‘चित्रकर’ लिहिले, तेही बंगालीतच. बडोद्यात गुलाममोहम्मद शेख यांनी गुजराती कविता आणि गद्य चित्रांच्या बरोबरीने जोपासले. त्यांच्या ‘घेर जतां’ या निबंधसंग्रहाला २०२२ चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले. भूपेन खख्खर यांनी गुजरातीत कथा लिहिल्या. हिंदीत रामकुमार हे चित्रकार आणि कथाकार दोन्ही होते. यांपैकी कोणालाही आपल्या भाषेत लिहिल्यामुळे प्रादेशिक किंवा लहान ठरावे लागले नाही. उलट चित्रविचाराला त्या भाषांत एक वाचक मिळाला, आणि साहित्याला पाहण्याची एक नवी रीत.

मराठीतही हा झरा कधी पूर्ण आटला नाही, हे सांगणे न्याय्य होईल. रावबहादूर म. वि. धुरंधर यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन १९४० मध्येच लिहिले. एका कलाशाळेचा आणि एका शहराचा तो प्रत्यक्ष साक्षीदाराने सांगितलेला इतिहास आहे. बाबूराव सडवेलकर, संभाजी कदम, प्रभाकर कोलते हे हाती कुंचला असलेले लेखक. ज्ञानेश्वर नाडकर्णी यांनी इंग्रजीइतक्याच सहजतेने मराठीत कलासमीक्षा केली. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘चिन्ह’ने केवळ दृश्यकलेला वाहिलेला अंक मराठीत काढता येतो हे दाखवले. २०१३ मध्ये सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांच्या संपादनाखाली ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड सिद्ध झाला. अरुण खोपकर यांच्या ‘चलत्-चित्रव्यूह’ला २०१५ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. तथापि ही सारी कामे व्यक्तींच्या चिकाटीवर उभी आहेत. त्यांना विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचे, नियतकालिकांच्या सातत्याचे आणि कलादालनाच्या भिंतीचे पाठबळ क्वचितच मिळाले. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडल्यानंतर तर गंभीर ललित विचाराचे नियतकालिक आणि चित्रकार यांचे नाते अधिकच क्षीण झाले. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ एवढाच दुवा पुष्कळांच्या दृष्टीने उरला.

अरुण कोलटकरांचे उदाहरण या संदर्भात अर्थपूर्ण आहे. ज. जी. कलाशाळेत शिकलेला, जाहिरातींच्या दृश्यरचनेवर उपजीविका केलेला हा कवी मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत समर्थपणे लिहीत असे. जहांगीरपासून हाकेच्या अंतरावरील चौकाकडे त्याने वर्षानुवर्षे पाहिले, आणि त्या पाहण्यातून २००४ मध्ये ‘काला घोडा पोएम्स’ हा इंग्रजी संग्रह झाला. रस्ता झाडणारी, पदपथावर नाश्ता विकणारी, उघड्यावर राहणारी माणसे त्यात चित्रकाराच्या डोळ्याने पाहिलेली आहेत. ही कविता इंग्रजीत आहे म्हणून ती कमी मुंबईची ठरत नाही. परंतु तिच्या अभ्यासकाला कोलटकर चित्रविद्या शिकले होते ही गोष्ट चरित्रातील तपशील म्हणून सांगितली जाते. कवितेच्या रचनेशी तिचा संबंध कसा लावावा याची पद्धती साहित्याच्या वर्गात शिकवली जात नाही. शब्द आणि चित्र यांना अलग ठेवणाऱ्या शिक्षणाचा हा तोटा कोणत्याही एका भाषेपुरता नाही.

या स्थितीवर उपाय योजायचा तर तो मोठ्या घोषणांचा नसावा. कलादालनांनी करण्याजोगी गोष्ट साधी आहे : चित्रकाराला त्याचे निवेदन त्याला हव्या त्या भाषेत लिहू द्यावे आणि इंग्रजी तिच्याशेजारी भाषांतर म्हणून ठेवावी. क्रम बदलल्याने पुष्कळ काही बदलते. मूळ विचार आणि त्याचे रूपांतर यांतील फरक निदान डोळ्यांना दिसतो. दुसरी गोष्ट जतनाची. आठवड्याभराच्या प्रदर्शनासाठी छापलेली घडीची पत्रके, निमंत्रणे आणि वृत्तपत्रांतील मराठी परीक्षणे ही या शहराच्या दृश्य इतिहासाची कच्ची साधने आहेत. ती रद्दीत जाण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयाने ती गोळा करणे आवश्यक आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट विद्यापीठांतील भाषाविभागांनी करावयाची आहे. धुरंधरांचे आत्मकथन, बरव्यांचे चिंतन, अवनींद्रनाथांची व्याख्याने, शेखांचे निबंध हे सारे भारतीय गद्यवाङ्मय आहे. ते कलाशाळेच्या कपाटात ठेवण्याचे संदर्भग्रंथ नव्हेत. आत्मचरित्र, प्रवासवर्णन आणि ललित निबंध यांना जसे अभ्यासक्रमात स्थान आहे तसे चित्रविषयक गद्याला मिळाले, आणि एका भाषेतील असे गद्य दुसऱ्या भारतीय भाषेत थेट, इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून, अनुवादित होऊ लागले, तर तौलनिक साहित्याभ्यासाला एक नवे क्षेत्र लाभेल. अवनींद्रनाथ आणि बरवे यांचा संवाद आजवर झाला नाही. तो घडवणे चित्रकाराचे काम नव्हे, साहित्याच्या अभ्यासकाचे आहे.

यात पणाला लागले आहे ते भाषेचे अस्तित्व नव्हे. मराठी कलादालनात शिरली नाही म्हणून ती मरणार नाही, आणि चित्रेही विकली जातच राहतील. धोका आहे तो एका क्षमतेला : समोरच्या अपरिचित वस्तूकडे थांबून पाहण्याची आणि जे दिसले ते आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगण्याची क्षमता. ती ज्या समाजात क्षीण होते, तेथे चित्राची किंमत सांगणारे वाढतात आणि चित्राविषयी बोलणारे उरत नाहीत. त्या लाल चौकोनापुढे क्षणभर थांबलेले बाहेरगावचे कुटुंब अजूनही तेथे येते. त्यातील एखादी मुलगी विचारते, ‘हे काय आहे?’ हा प्रश्न अज्ञानाचा मानून हसण्यावारी नेला जातो. वस्तुतः सगळी कलासमीक्षा याच प्रश्नापासून सुरू होते. घाट, पोत, लय आणि समतोल हे शब्द घरात असूनही तिच्या भाषेने त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे टाळले, तर उसनवारीची ही नोंद तशीच उघडी राहील.